मध्यम शहरात जाणं खरंच परवडतं का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. नवरा-बायको दोघंही नोकरी करणारे, मुलगी 6 वर्षांची, सोबत सत्तरी ओलांडलेले सासू-सासरे. महानगरात भाड्याच्या घरात राहतात. रोजचे अडीच-तीन तास प्रवासात जातात आणि महिनाअखेरीला हातात फारसं उरत नाही. नवऱ्याच्या कंपनीने कुठूनही काम करायची मुभा दिली आहे, तेव्हा एखाद्या मध्यम आकाराच्या शहरात जावं, तिथे लगेच घर घ्यावं आणि जरा निवांत जगावं, असा बेत चालू आहे. विचारणाऱ्या ताईंचं म्हणणं, "राहणीचा खर्च तिथे 30-40 टक्क्यांनी कमी दिसतो. मग न जाण्याचं कारण काय?"

कुटुंबांच्या पैशांचं नियोजन करून देणं हा माझा व्यवसाय आहे आणि शहर बदलायच्या विचारात असलेली माणसं माझ्याकडे नेहमी येतात. जवळजवळ सगळ्यांच्या हातात खर्चाची तुलना तयार असते: इथलं भाडं, तिथलं भाडं, इथली फी, तिथली फी. त्यात खोटं काही नसतं. पण त्या कागदावर मिळकतीचा रकाना बहुतेक वेळा एकच असतो, म्हणजे दोन्ही शहरांत पगार तोच धरलेला असतो. ताई, तुमच्या प्रश्नातही तसंच झालंय. नवऱ्याचा पगार सोबत येणार हे तुम्ही लिहिलंत, तुमच्या स्वतःच्या नोकरीचं काय होणार ते कुठेच नाही. माझ्या मते खरा प्रश्न तिथे आहे. खर्च किती कमी होईल हा त्याच्या नंतरचा.

आधी एक कबुली. तुमचं शहर कोणतं हे कळल्याशिवाय जा किंवा जाऊ नका असं मी सांगू शकत नाही. 'मध्यम' हा शब्द फार सैल आहे. ओईसीडी ही मुख्यतः विकसित देशांची आर्थिक सहकार्य संस्था 2 ते 5 लाख वस्तीच्या नागरी क्षेत्राला मध्यम म्हणते आणि 5 लाखांच्या वर गेलं की महानगर. मोठ्या लोकसंख्येच्या देशात 10-15 लाखांचं शहरसुद्धा लोकांना मध्यमच वाटतं. शिवाय लोकसंख्या सारखी असली तरी दोन शहरं सारखी नसतात. एकात विद्यापीठ, मोठं रुग्णालय आणि चार-पाच वेगवेगळे धंदे असतील, दुसरं एकाच कारखान्याच्या जिवावर उभं असेल. त्यामुळे मी हिशेब कसा मांडतो ते सांगतो, आकडे तुमचे तुम्ही घाला.

पहिली गोष्ट, तिथे स्वस्त नेमकं काय असतं आणि का. मध्यम शहर स्वस्त असतं ते मुख्यतः जमिनीमुळे. महानगरात कामाच्या जागेजवळ राहायला लाखो लोक एकमेकांवर चढाओढ करतात आणि ती चढाओढ भाड्यात उतरते. शहरांच्या अर्थकारणाचे अभ्यासक विल्यम अलोन्सो यांनी 1964 मध्ये हे नीट मांडून दाखवलं, की केंद्राजवळच्या जागेसाठी माणूस जे जास्तीचे पैसे मोजतो ते वाचलेल्या प्रवासाचे असतात. शहर लहान झालं की ही चढाओढ कमी होते, म्हणून घर स्वस्त. त्याच्या पाठोपाठ ज्यात जागा आणि स्थानिक माणसाची मजुरी आहे ते स्वस्त होतं: शिकवणी, न्हावी, घरकामाची मदत, पाळणाघर, किरकोळ दुरुस्ती. इथवर ठीक. पण फोन, लॅपटॉप, गाडी, इंधन, औषधं, विमान तिकीट, विम्याचा हप्ता, मुलीच्या उच्च शिक्षणाची फी यांना शहराच्या आकाराशी फारसं देणंघेणं नसतं. 'खर्च 30-40 टक्के कमी' हा आकडा एखाद्या सरासरी कुटुंबाच्या खरेदीच्या टोपलीचा असतो. तुमच्या टोपलीत घरभाडं सोडून मोठा वाटा सर्वत्र एकाच भावाने मिळणाऱ्या वस्तूंचा असेल, तर तो आकडा तुम्हाला लागू नाही.

आता मिळकत. अर्थतज्ज्ञ शेर्विन रोझेन यांनी 1979 मध्ये आणि जेनिफर रोबॅक यांनी 1982 मध्ये एक साधा पण बोचरा मुद्दा मांडला. माणसं आणि कंपन्या दोघंही जागा बदलू शकत असतील, तर शहराचं सुख-दुःख शेवटी पगार आणि भाडं या दोन्हींत मिळून जमा होतं. म्हणजे एखादं शहर स्वस्तही आहे, पगारही चांगले आहेत आणि राहायलाही छान आहे असं फार काळ टिकत नाही. लोक तिथे धावतात आणि भाडं चढतं, नाहीतर पगार खाली येतात. तेव्हा कुठेतरी भाडं फार कमी दिसलं की माझा पहिला प्रश्न असतो, इथे पगार किती आहेत?

एक उदाहरण आकड्यांत मांडतो. आकडे माझे, समजावण्यापुरते. महानगरात दोघांची मिळून मिळकत 100 धरा. त्यातले घरावर 38, प्रवासावर 9, मुलीवर 14, किराणा आणि घरखर्च 18, औषधपाणी-विमा 5. उरले 16. आता मध्यम शहरात दोघांना स्थानिक नोकऱ्या लागल्या आणि मिळकत 78 झाली असं समजू. घरावर 20, मुलीवर 11, घरखर्च 17, औषधपाणी तेवढंच 5. प्रवास मात्र 11, कारण बस कमी म्हणून दोन गाड्या लागल्या. शिवाय महानगरात नातेवाईक, लग्नकार्य, तपासण्या यांसाठी जाणं-येणं 5. उरले 9. खर्च 84 वरून 69 वर आला, म्हणजे खरोखरच कमी झाला, आणि तरीही बचत जवळजवळ निम्मी झाली. उलट, दोघांचाही महानगराचा पगार सोबत आला असता तर उरले असते 31. त्याच शहरात, त्याच घरात, त्याच खर्चात एका घराची चांदी आणि दुसऱ्याची ओढाताण. फरक फक्त पगार कुठून येतो याचा.

टक्केवारीबद्दल एक जाता जाता. उत्पन्नाच्या 30 टक्क्यांपर्यंत घरखर्च परवडतो हा नियम सगळीकडे ऐकायला मिळतो. त्याचा उगम अमेरिकेतल्या सरकारी घरांच्या भाड्यात आहे: 1969 मध्ये तिथे भाड्याची मर्यादा उत्पन्नाच्या 25 टक्के ठरली, 1981 मध्ये ती 30 झाली. सरकारने गरीब भाडेकरूकडून किती घ्यावं यासाठीचा तो आकडा होता, तुम्हाला किती झेपतं याच्याशी त्याचा थेट संबंध नाही. मला त्यापेक्षा शिकागोच्या सेंटर फॉर नेबरहूड टेक्नॉलॉजीचा हिशेब जास्त पटतो. ते घर आणि प्रवास एकत्र धरतात आणि दोन्ही मिळून 45 टक्क्यांच्या आत असावं म्हणतात. स्वस्त घर लांब असतं आणि लांबचं घर गाडी मागतं, हे त्यात आपोआप पकडलं जातं. वरच्या उदाहरणात महानगरात हे दोन्ही मिळून 47 होतात. मध्यम शहरात 78 पैकी 31, म्हणजे साधारण 40 टक्के. इतकंच पाहिलं असतं तर मध्यम शहर जिंकलं असतं! म्हणून कोणत्याही एका टक्केवारीवर निर्णय घेऊ नका. शेवटी हातात किती उरतं तो आकडा पाहा.

आता तुमच्या नोकरीकडे येऊ. दोघंही शिकलेले, दोघांचीही कामं विशेष कौशल्याची, अशी जोडपी मोठ्या शहरांत का गोळा होतात यावर डोरा कोस्टा आणि मॅथ्यू कान या अर्थतज्ज्ञांचा 2000 सालचा अभ्यास आहे. कारण सरळ आहे. एकाच ठिकाणी दोन वेगवेगळी, मनासारखी कामं मिळायला बाजार मोठा लागतो. मध्यम शहरात एकाला चांगली नोकरी मिळणं अवघड नसतं. दोघांना एकाच वेळी मिळणं अवघड असतं, आणि त्यातली एक पाच वर्षांनी सुटली तर दुसरी तितकीच चांगली मिळणं त्याहून अवघड. तुमच्या कौशल्याचे मालक शहरात दोन-तीनच असतील तर पगारवाढ मागताना तुमच्या हातात फारसं काही नसतं, आणि हे त्या मालकांनाही ठाऊक असतं.

माझ्याकडे आलेल्या एका जोडप्यात नवऱ्याचं काम संगणकावरचं, बायको ध्वनिमुद्रणाच्या स्टुडिओत तंत्रज्ञ. दोघंही उत्साहाने मध्यम शहरात गेले. नवऱ्याला काहीच फरक पडला नाही. तिच्या कामाचा स्टुडिओच तिथे नव्हता. मग ती आठवड्यातले काही दिवस महानगरात मैत्रिणीकडे राहून काम करू लागली. त्यांचा महिन्याचा हिशेब मी पाहिला तेव्हा 'प्रवास' हा रकाना दुप्पट झाला होता, 'बाहेर जेवण' नव्याने आला होता आणि मैत्रिणीला द्यायच्या पैशांसाठी 'इतर' नावाचा रकाना फुगत चालला होता. तरी एकूण बेरीज त्यांना परवडत होती. न परवडणारी गोष्ट वेगळी होती: तिला मिळणारी कामं कमी होत गेली, कारण अचानक बोलावलं की ती हजर नसायची. अशी घसरण खर्चाच्या वहीत दिसत नाही. ती दोन-तीन वर्षांनी मिळकतीत दिसते.

म्हणून माझा आग्रह असा, की तुमच्या क्षेत्रातल्या जाहिराती त्या शहरापुरत्या गाळून काही महिने नुसत्या पाहत राहा. किती येतात, किती वेगवेगळ्या मालकांच्या येतात, अनुभव वाढला की पुढची पायरी आहे का. एकच कंपनी पुन्हा पुन्हा तीच जागा भरत असेल तर त्याचाही अर्थ आहेच. आणि नवऱ्याच्या 'कुठूनही काम' या मुभेबद्दल: ती तोंडी आहे की पत्रात? राहण्याचं शहर बदललं की पगाराची श्रेणी बदलते असं कलम आहे का? परत कार्यालयात बोलावलं तर किती दिवसांची सूचना? हे विचारायला संकोच वाटतो, कबूल आहे. पण पुढचा सगळा हिशेब या एका पगारावर उभा आहे.

आता राहणीमान, म्हणजे जगण्याची प्रत. इथे मध्यम शहराची सगळ्यात मोठी देणगी म्हणजे वेळ, आणि ती खरी आहे. मानसशास्त्रज्ञ डॅनियल काहनेमन आणि सहकाऱ्यांनी 2004 मध्ये टेक्सासमधल्या 909 नोकरदार स्त्रियांना आदल्या दिवसाचा तासन्‌तासाचा हिशेब लिहायला लावला होता, कोणत्या वेळी कसं वाटत होतं यासह. सकाळचा कामावर जाण्याचा प्रवास यादीत अगदी तळाशी होता. ब्रूनो फ्राय आणि अलोइस स्टुट्झर या अर्थतज्ज्ञांना जर्मनीतल्या सर्वेक्षणांत असं दिसलं, की लांबचा प्रवास करणारी माणसं आयुष्याबद्दल कमी समाधानी असतात. स्वस्त घर किंवा जास्त पगार यांनी त्याची भरपाई व्हायला हवी होती, पण पुरती होत नाही. माझ्याकडे येणाऱ्यांचं निरीक्षण याला धरूनच आहे. मोठ्या घराची सवय काही महिन्यांत होते, रोजच्या गर्दीची होत नाही.

पण यात एक खोच आहे. इटालियन भौतिकशास्त्रज्ञ चेझारे मार्केटी यांनी 1994 मध्ये वाहतूकतज्ज्ञ याकोव्ह झाहावी यांच्या कामाच्या आधारे मांडलं, की माणसं सरासरी दिवसाला साधारण एक तास प्रवास करतात. साधन वेगवान झालं की तेवढ्याच वेळात लांब जातात, वेळ वाचवत नाहीत. मध्यम शहरात आलेली कुटुंबं नेमकं हेच करतात. महानगरात दोन खोल्यांत गुदमरलेली असतात, त्यामुळे इथे आल्यावर मोठं घर, गच्ची, मोकळी हवा हवी असते. ती शहराच्या कडेला मिळते. मग शाळा एका टोकाला, दवाखाना दुसऱ्या टोकाला, घर तिसरीकडे. बस तिकडे जात नाही. आजी-आजोबांना वाचनालयात जायचं तर कुणीतरी सोडायला हवं. जिंकलेला वेळ वर्षभरात गाडीच्या चाकामागे जातो. तुमच्या घरात तर एक लहान मूल आणि दोन वयस्क माणसं आहेत, म्हणजे पाचातले तिघं गाडी चालवणार नाहीत. त्यांच्यासाठी घराची जागा ही घराच्या आकारापेक्षा मोठी बाब आहे. थोडं लहान घर चालेल, पण शाळा, औषधाचं दुकान, बाग आणि बसथांबा पायी गाठता यायला हवा. या एका मुद्द्यावर मी सहसा माघार घेत नाही.

शहर पाहायला जाल तेव्हा दलालाबरोबर सकाळी अकराला जाऊ नका. त्या वेळी प्रत्येक शहर छान दिसतं. सकाळी शाळा भरताना फाटकासमोर उभं राहा आणि मुलं रस्ता कशी ओलांडतात ते पाहा. बसथांब्यावर घड्याळ लावून एक बस सोडून द्या, पुढची किती वेळाने येते ते मोजा. शेवटची बस किती वाजता हे वाहकाला विचारा. इमारतीत सर्वांत वरच्या मजल्यावरच्या माणसाला सकाळच्या गर्दीच्या वेळी पाण्याला जोर असतो का हे विचारा, आणि जिन्याजवळच्या सूचनाफलकावर काय काय लावलंय ते वाचा. पाणी, उद्‌वाहन, थकबाकी, भांडणं, सगळं तिथे असतं. रात्री नऊला औषधाचं कोणतं दुकान उघडं आहे ते पायी शोधा. आणि नवीन रुंद रस्त्यांपेक्षा जुन्या वस्तीतले पदपथ आणि गटारं पाहा. नवा रस्ता कुणीही बांधतं. वीस वर्षांपूर्वीचं गटार आजही वाहतं आहे का, यावरून त्या नगरपालिकेच्या खिशाची आणि लक्षाची कल्पना येते. झपाट्याने वाढणाऱ्या मध्यम शहरात नेमकं हेच मागे पडतं. वस्ती कडेकडेने पसरते, नळ आणि नाले तिच्यामागे धावत राहतात.

हवेबद्दल गृहीत धरू नका. शहर लहान म्हणून हवा स्वच्छ असं नसतं. वारा कसा वाहतो, भोवती डोंगर आहेत का, जवळ वीटभट्ट्या किंवा कारखाने आहेत का यावर ते ठरतं. जागतिक आरोग्य संघटनेने 2021 मध्ये अतिसूक्ष्म धूलिकणांची (पीएम 2.5) वार्षिक सरासरी घनमीटरला 5 मायक्रोग्रॅमच्या आत असावी असं म्हटलं आहे, आधी हा आकडा 10 होता. मोजणी केंद्र शहरात असेल तर त्याचे वर्षभराचे आकडे काढा, एका दिवसाचे नकोत.

आता त्या गोष्टीकडे येतो जिच्यासाठी इतकं लांबण लावलं. मध्यम शहरात तुम्ही किंमत मोजता ती पर्यायांमध्ये. वॉल्टर ख्रिस्टालर या जर्मन भूगोलतज्ज्ञाने 1933 मध्ये याचं कारण सांगून ठेवलंय: प्रत्येक सेवेला तगून राहण्यासाठी किमान इतकी गिऱ्हाइकं लागतात, आणि गिऱ्हाईक तिच्यासाठी ठरावीक अंतरापलीकडे जात नाही. किराण्याला थोडी गिऱ्हाइकं पुरतात, म्हणून तो कोपऱ्या-कोपऱ्यावर असतो. बालहृदयरोगतज्ज्ञाला फार मोठी लोकसंख्या लागते. मग मध्यम शहरात काय असतं? आठवड्याला लागणारं सगळं, महिन्याला लागणारं बहुतेक, वर्षातून एकदा लागणारं थोडंच. आणि जे असतं ते पुष्कळदा एकच असतं. चांगली शाळा एक, मेंदूविकारतज्ज्ञ एक, तुमच्या क्षेत्रातली कंपनी एक. ती एक चांगली असेल तोवर तुम्हाला काहीच कमी जाणवत नाही. उणीव कळते ती बिनसल्यावर: मुलीचं त्या शाळेत जमलं नाही, डॉक्टर शहर सोडून गेले, कंपनीने शाखा बंद केली. महानगरात माणूस वैतागतो आणि दुसरीकडे जातो. इथे दुसरीकडे म्हणजे दुसरं शहर. स्वस्ताई पहिल्या महिन्यात दिसते, ही उणीव तिसऱ्या-चौथ्या वर्षी.

यावर माझा उपाय अगदी कारकुनी आहे. घरातल्या प्रत्येकाची गरज लिहा आणि तिच्यापुढे, ही सोय गेली तर दुसरी कुठे, किती अंतरावर, हे लिहा. सगळ्या गरजा सारख्या नसतात. चित्रपटगृह एकच असलं तर बिघडत नाही. गाडीचा दुरुस्तीवाला एकच असला तर चालवून घेता येतं. पण तीन ओळींपुढे 'दुसरं कुठेच नाही' असं आलं तर मी थांबतो: तुमची नोकरी, वयस्कांचा उपचार, मुलीची शाळा.

वयस्कांच्या उपचारांबद्दल थोडं जास्त सांगतो, कारण रुग्णालयाची इमारत पाहून लोक निश्चिंत होतात. मेंदूत रक्ताची गुठळी अडकून पक्षाघात झाला तर ती विरघळवणारं औषध सर्वसाधारणपणे लक्षणं सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. त्याआधी सीटी स्कॅन करून रक्तस्राव नाही याची खात्री करावी लागते, कारण रक्तस्राव असेल तर तेच औषध घातक. तेव्हा रुग्णालयात सीटीचं यंत्र आहे का, एवढं विचारून भागत नाही. रात्री दोनला ते चालवणारा माणूस हजर असतो का, मेंदूविकारतज्ज्ञ त्याच शहरात राहतात की मंगळवार-शुक्रवार बाहेरून येतात, हे विचारा. स्वागतकक्षात नको, अपघात विभागातल्या परिचारिकेला विचारा. ती खरं सांगते. उत्तर नकारार्थी आलं तर शहर लगेच बाद होत नाही. मग मोठं रुग्णालय किती मिनिटांवर आहे हा प्रश्न येतो. तासा-दीड तासावर महानगर असलेलं मध्यम शहर आणि सहा तासांवर असलेलं मध्यम शहर यांना मी एका यादीत ठेवतच नाही.

सासू-सासऱ्यांचं आणखी एक. त्यांचे डॉक्टर, त्यांचा बाकड्यावरचा गट, त्यांची भाजीवाली हे सगळं सुटणार आहे. तुम्हाला नवी माणसं कामातून, शाळेतून मिळतील, त्यांना कुठून मिळणार? काही वयस्क माणसं लहान शहरात खुलतात, काही कोमेजतात. त्यांना विचारलंत का, आणि त्यांनी 'तुम्ही म्हणाल तसं' असं म्हटलं असेल तर ते उत्तर धरू नका.

राहिला घर घेण्याचा प्रश्न. माझं उत्तर: आत्ता नाही. निदान वर्षभर, जमल्यास दोन वर्षं भाड्याने राहा. तुमच्या बाबतीत कारणं दोन. पहिलं, घराची किंमत आणि त्याच घराचं वर्षाचं भाडं यांचं गुणोत्तर काढा. ढोबळ ठोकताळा असा, की किंमत वर्षाच्या भाड्याच्या 15 पटींच्या आत असेल तर घेण्याकडे झुकावं, 20 पटींच्या वर गेली तर भाड्यानेच राहणं सोयीचं. हा ठोकताळा व्याजदराप्रमाणे हलतो, तरी दिशा दाखवतो. नवलाची गोष्ट म्हणजे कित्येक मध्यम शहरांत भाडी इतकी कमी असतात, की घरांच्या किमती महानगराच्या निम्म्या असूनही हे गुणोत्तर चढंच निघतं. घर स्वस्त दिसतं, पण भाड्याच्या मानाने महागच असतं.

दुसरं कारण विक्रीचं. घराच्या मध्यक किमतीला (निम्मी घरं तिच्याहून स्वस्त, निम्मी महाग) तिथल्या कुटुंबाच्या मध्यक वार्षिक उत्पन्नाने भागून पाहतात. डेमोग्राफिया या संस्थेच्या वर्गवारीत 3 पर्यंत परवडणारं आणि 5 च्या वर गेलं की अतिशय न परवडणारं. हा भागाकार करताना तिथल्या लोकांचं उत्पन्न घ्या, तुमचं नको. तुम्ही महानगराच्या पगारावर घर घ्याल, पण उद्या विकायची वेळ आली तर गिऱ्हाईक बहुधा स्थानिक असेल. किंमत जर तुमच्यासारख्या बाहेरून आलेल्यांच्या पैशाने फुगलेली असेल आणि कंपन्यांनी लोकांना परत बोलावलं, तर विकणारे पुष्कळ आणि घेणारे थोडे अशी गत होते. लहान बाजारात घर पडून राहतं. नोंदणी, कर, दलाली, सजावट यांत गेलेला पैसा तर परत येतच नाही. नोकरी सुटली म्हणून शहर सोडायचं आणि घर विकलं जात नाही म्हणून सोडता येत नाही, हा पेच मी बऱ्याच घरांत पाहिलाय. भाडेकरूला तो पडत नाही.

भाड्याने राहण्याला लोक पैसे वाया जाणं म्हणतात. मी त्याला परतीच्या तिकिटाचे पैसे म्हणतो. माझ्या लेखी पहिल्या दोन वर्षांत दुसरा कुठलाही खर्च इतका कामाचा नाही.

तेव्हा ताई, तुमच्यापुरतं सांगायचं तर मी असं करेन. आधी नवऱ्याच्या कंपनीकडून लेखी. मग तुमच्या नोकरीचा शोध, आणि खर्चाची तुलना दोनदा मांडणं: एकदा दोन पगारांवर, एकदा फक्त एका स्थानिक पगारावर. दुसऱ्या मांडणीत बचत शून्याच्या खाली गेली आणि हाताशी वर्षभराचा खर्च शिल्लक नसेल, तर जाणं पुढे ढकला. नसेल गेली, तर जा. मुलगी 6 वर्षांची आहे, शाळा बदलायला हे वय सोपं, आणखी पाच-सहा वर्षांनी तितकं सोपं राहणार नाही. म्हणजे फार रेंगाळूनही चालणार नाही. शहर पाहायला वर्षातल्या सर्वांत वाईट हवेच्या महिन्यात जा, पूर्ण आठवडा राहा, सासू-सासऱ्यांना सोबत न्या. आणि तिथला भाडेकरार करताना मुदतीआधी घर सोडलं तर किती महिन्यांचं भाडं भरावं लागेल, हे कलम सही करायच्या आधी वाचा. घासाघीस भाड्यापेक्षा त्या कलमावर करा.